घावाशी दाटलेले रंग

राजगडाच्या पायथ्याच्या पालीला जायचं ठरलं ते गड चढण्यासाठी नाही. माझ्या मैत्रिणीला, वैशालीला, वाटेत वडिलांशी भांडायचं होतं आणि मग पालीत एक निरोप पोचवायचा होता. मी सोबत गेले.

वैशाली पुण्यात यंत्र अभियांत्रिकी शिकवते. तिचे वडील, अण्णा, शिवऱ्यात महामार्गालगत वर्कशॉप चालवतात. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडायचा काटकोनी लोखंडी पट्टा बनवतात. आपला माल ओळखू यावा म्हणून प्रत्येक पट्ट्याच्या वळणात, आतल्या बाजूने, छन्नीचा खोल घाव घालतात. असा एक पट्टा पालीच्या चढावर तुटला. ट्रॉली मागे घसरून बांधावर आदळली. जादा माल भरला, असं म्हणत ट्रॅक्टरच्या मालकाने सगळ्या गावासमोर ड्रायव्हर ज्ञानोबांना कामावरून काढलं. वैशालीने तुटलेल्या पट्ट्याचा फोटो पाहिला. तडा घावातून गेला होता.

सकाळी लवकर निघा. कात्रजच्या बोगद्यापुढे रस्ता मोकळा मिळतो. शिवऱ्याच्या अलीकडे मिसळ खाल्ली. रस्सा हवा तितका, पावाचे पैसे वेगळे.

"पोरगी जेवाया आली का शिकवाया?" वर्कशॉपच्या दारातच अण्णांनी विचारलं.

"आधी शिकवायला."

तिने शटर अर्धं ओढलं, लॅपटॉपवर कोरं पांढरं पान उघडलं आणि अण्णांना पोलराइज्ड गॉगल दिला. अशा पडद्याच्या प्रकाशाची कंपनं एकाच दिशेत असतात. गॉगल आडवातिडवा फिरवला की एका कोनात पडदा काळा होतो. मध्ये तिने पारदर्शक प्लॅस्टिकचे दोन काटकोन धरले. एकाला घाव, एक साधा. दोन्ही ताणले. साध्या काटकोनात रंगांचे पट्टे वळणभर पसरले. दुसऱ्यात ते घावाच्या टोकाशी दाटले. रंग दाटतात तिथे ताण असतो.

"पेलास्टिक हाय ते. माझं लोखंड हाय."

"आकार तोच आहे, अण्णा. ताण तिथंच जमणार."

"म्हंजी म्या माझी खूण पुसू?"

"पुसू नका. सरळ भागावर घाला. आणि आत्ता मालकाला फोन करा. नाहीतर मी करते."

"बापाला धमकी देती व्हय गं?"

"व्हय."

अण्णांनी काटकोन हातात घेऊन स्वतः ताणला. तो घावाशी तुटला. मग त्यांनी फोन लावला. "पट्टा माझ्या घावानं गेला. न्यानबाची चूक न्हाई. त्याला बोलाव."

नसरापूर, मार्गासनी, मग पाली. शेवटचा रस्ता अरुंद आहे. ज्ञानोबांच्या घरी ट्रेकर्सना जेवण मिळतं. आदल्या दिवशी फोन करा. पिठलं उत्तम होतं.

चूक आपल्या घावाची होती, हा अण्णांचा निरोप वैशालीने सांगितला. ज्ञानोबा भाकरी मोडत राहिले.

"फोन आलता मालकाचा. ये म्हनला."

"मग?"

"काढलं गावासमोर. घ्यायचं तर तसंच घ्यावं. म्या जानार न्हाई, ताई."

त्यांच्या बायकोने ताटात आणखी पिठलं वाढलं. "जाऊ नगा," ती म्हणाली.

आता पुण्यात, माझ्या टेबलावर, घावाचा दुसरा एक काटकोन आहे. तसाच गॉगल लावून तो लॅपटॉपसमोर धरते आणि ताणते. रंग त्याच जागी येतात. हात सैल केला की जातात.

अण्णांची खूण आता सरळ भागावर असते. मालक अजून गावासमोर बोलवायला पालीत गेलेला नाही. ज्ञानोबाही त्याच्या दारात गेलेले नाहीत.