पर्यायांवरचा हात

“हात ठेव म्हटलं ना पर्यायांवर! आणि बोटं मिटून. फटीतून बघतेस ती, मी काय आंधळी आहे?”

लेकीनं बोटं आवळली. नर्सिंगच्या प्रवेशपरीक्षेला ती तिसऱ्यांदा बसणार होती, आणि वयाची अट बघता ही शेवटचीच खेप. आई शिकवणीत जगाच्या पोरांना रिकाम्या जागा भरायला शिकवते आणि पोटची पोर त्याच प्रश्नांवर आपटते, म्हणून बाईंच्या डोक्यात तिडीक गेली होती.

शिकवणी दिराची. बाई तिथं वर्षानुवर्षं एकच घोकून घेत आलेल्या. आधी पर्याय झाका, वाक्य वाचा, मोकळ्या जागी आपला साधा शब्द घाला, मगच हात उचला. पोरांनी त्यांचं नावच ‘झाकणबाई’ पाडलेलं.

“वाच.”

“साहेब स्वभावाने तापट असले, तरी त्या दिवशी त्यांनी... रिकामी जागा... उत्तर दिले.”

“आणि तू काय लिहिलंस? प्रक्षोभक! मधला ‘तरी’ गिळलास का? शेजारी ‘संयत’ बसलाय, तो दिसला नाही?”

“काका म्हणतात, सगळ्यात जड शब्द दिसेल तेच उत्तर.”

झालं! बाई तरातरा पलीकडच्या खोलीत. दीर खुर्चीत रेलून दात कोरत होता.

“भावजी, तुमची अक्कल तुमच्यापाशी ठेवा. माझ्या पोरीचं वाटोळं करू नका.”

“वहिनी, परीक्षेत घड्याळ पळतं. तुमची झाकाझाकी उरकेपर्यंत पेपर गोळा करतात.”

“म्हणून तुक्के शिकवायचे? उद्या औषधाची बाटलीही जड नाव बघून उचलेल ती!”

दीर फिदीफिदी हसला. बाईंच्या अंगाचा भडका उडाला. त्या तोंड उघडणार तोच लेक दारात आली.

“आई, काका खोटं नाही बोलत. मागच्या खेपेला शब्द सुचेना, तरी मी हात ठेवून बसून राहिले. शेवटचं पान कोरंच गेलं.”

“मग तेव्हाच का नाही बोललीस?”

“तू बोलू देतेस?”

बाईंचा राग तसाच होता, पण आता कुणावर काढायचा ते समजेना. तेवढ्यात जिन्यात दुपारच्या पोरांच्या चपला वाजल्या. बाई वर्गात गेल्या. खडू इतक्या जोरात टेकवला की त्याचे दोन तुकडे झाले.

“हात ठेवा! वाक्यात ‘पण’ नाहीतर ‘तरी’ आला की समजायचं, गाडी उलटी फिरली. आपला शब्द घाला. नाहीच सुचला, तर दगडासारखे बसू नका. हात काढा आणि जे शब्द बसतच नाहीत ते खोडा. तरी अडलं, तर पुढं चला. शेवटी परत या.”

“बाई, हे शेवटचं नवीनच काढलंत.”

“नवीन आहे. तोंड मीट आणि लिही.”

लेक गुपचूप मागच्या बाकावर येऊन बसली. बाईंनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. उरलेला खडू उचलून त्या फळ्यावर पुढचं वाक्य लिहू लागल्या.