उतरावं लागू नये म्हणून

बांधकामावर सगळे त्याला ‘घार’ म्हणत. टॉवर क्रेनच्या काचेच्या केबिनमध्ये तो एकवीस वर्षं बसला. शिडी चढायला वीस मिनिटं लागत, म्हणून सकाळी चढलेला माणूस संध्याकाळीच खाली येई. मध्ये लघवीला उतरावं लागू नये म्हणून तो पाणीच पीत नसे. निघताना अर्धा कप चहा, डब्याबरोबर चार घोट. उन्हात अंगाची लाही लाही होई. “माझ्यापायी काम मिनिटभर थांबलेलं नाही,” असं मात्र छाती फुगवून सांगे.

बायको म्हणायची, “अहो, उंटसुद्धा कधीतरी पितो.” तो हसण्यावारी नेई.

पन्नाशीत पायाचा अंगठा अधूनमधून सुजायला लागला. औषधाच्या दुकानातून दुखण्यावरच्या गोळ्या आणायच्या, दोन गिळायच्या आणि वर चढायचं. एका दुपारी वरच पाय टम्म फुगला, बूट निघेना. खालून इशारे देणाऱ्या जोडीदाराने वॉकीटॉकीवर विचारलं, “दादा, उतरताय ना?”

“पाय टेकवत नाही रे.”

पट्ट्यांनी बांधून त्याला खाली आणलं. काम तीन तास बंद राहिलं. दुखण्यापेक्षा त्याला लाजच जास्त वाटली.

डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा रिपोर्ट पुढे ठेवला. “पाणी कमी पडलं की युरिक अ‍ॅसिड साठतं, सांध्यात त्याचे खडे होतात, सूज येते. पाणी हे एकच कारण नसतं. पण उन्हातली तहान आणि वरून त्या गोळ्या, हे सगळं तुमच्या किडन्यांना भोवलंय. निम्म्याच चालतायत.”

“आता भरपूर प्यायलो तर?”

“गेलेलं परत येत नाही. उरलंय ते सांभाळू. किती प्यायचं तेही मीच सांगेन.”

बायको शेजारीच होती. तिने पुढच्या तपासणीची तारीख विचारून घेतली.

साइटच्या साहेबांनी त्याला वर न पाठवता नव्या ऑपरेटरांना शिकवायला ठेवलं. पहिल्याच आठवड्यात तो साहेबांपुढे उभा राहिला. “वरचा माणूस दर अडीच तासांनी उतरला पाहिजे. बदली माणूस द्या.”

“काम किती खोळंबेल, कळतंय का?”

“मला नाही तर कोणाला कळणार, साहेब?”

महिनाभर टोलवाटोलवी झाली. शेवटी बदली माणूस मिळाला.

परवाच्या तपासणीत किडनीचा आकडा मागच्याइतकाच निघाला. बायकोने कागद उजेडात धरून दोनदा वाचला.

“म्हणजे बरं झालं?”

“नाही,” तो म्हणाला. “पण वाढलंही नाही.”

तिने कागदाची घडी घातली आणि फाइलमध्ये ठेवली.