सरांनी कधीच ‘हो’ दाबलं नव्हतं

संगणकाच्या वर्गात त्यांना सगळे ‘परवानगी सर’ म्हणत. कुणी नवं काही बसवायला गेलं की पडदा काळवंडायचा आणि मधोमध चौकट उमटायची: या प्रोग्रामला बदल करू द्यायचे का? मुलं न वाचताच ‘हो’ दाबत. सर मागून ओरडत, “थांब! काय विचारलंय ते तरी वाच. कळलं नाही तर कुणाला तरी विचार. पण उगाच हो म्हणू नकोस.”

घरच्या संगणकावरही त्यांनी हा पहारा कडक ठेवला होता. बायको त्यावर भरतकामाच्या यंत्रासाठी नक्षी काढायची. वेली, किनारी, शाळांची बोधचिन्हं. तिला त्या चौकटीचा वैताग यायचा. “अहो, माझ्याच घरात शिरायला मीच परवानगी मागू?”

“कडीचा जाच घरच्यांनाच होतो,” सर हसून म्हणत. “म्हणून कुणी ती काढून फेकतं का?”

मग सर विसरू लागले. आधी चष्मा, मग शेजाऱ्यांची नावं, मग जेवलो की नाही ते. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि यावर उतारा नाही हेही सांगितलं. नोकरी सुटली. संगणकापुढची खुर्ची मात्र सुटली नाही. तिथे बसले की ते जरा शांत असत.

पण काहीतरी दाबलं जाई, पडदा काळवंडे, आणि आतून हाक येई, “अगं, अंधार झाला! कुणीतरी काहीतरी विचारतंय. ये ना!”

ती यंत्र थांबवून धावे, ‘नाही’ दाबे आणि त्यांचा हात धरून बसे. पुन्हा कामाला हात घालते तोच पुन्हा हाक. एकदा सुई अडकून एक अख्खा गणवेश वाया गेला. त्या दिवशी ती त्यांच्यावर खेकसली. सर लहान मुलासारखे रडले आणि मग तीही.

तिने दिराला बोलावलं. त्याचं संगणक दुरुस्तीचं दुकान होतं.

“ते विचारणं बंद करून टाका, भावोजी.”

“वहिनी, दादाला कळलं तर माझी सालटी काढेल.”

“दादा आहेत कुठे आता?” ती म्हणाली.

त्याने संगणक पुढ्यात ओढला. पहारा काढून निघून गेला.

घर शांत झालं. हाका थांबल्या. दुपारी तिला चक्क डुलकी लागू लागली. सर खुशीत काहीबाही दाबत बसत. आणि एका सकाळी तिने संगणक उघडला तर एकही नक्षी उघडेना. सगळ्या फायलींना कुण्या परक्याने कुलूप घातलं होतं. जोडून ठेवलेल्या जादा डिस्कचीही तीच गत. इतक्या वर्षांच्या मेहनतीवर पाणी पडलं.

दीर बराच वेळ खटपट करत होता. शेवटी त्याने मान हलवली. “सगळं पुसावं लागेल, वहिनी.”

“ते विचारणं चालू असतं तर?”

“चौकट आली असती. पण मनाला लावून घेऊ नका. दादाने ‘हो’ दाबलंच असतं.”

ती भिंतीला टेकली. सरांनी कधीच ‘हो’ दाबलं नव्हतं, हे तिच्याशिवाय कुणाला माहीत होतं? नाव गेलं, गाव गेलं, तरी तेवढं एक त्यांच्यात शाबूत होतं: कळलं नाही तर विचारायचं. दर वेळी त्यांनी तिलाच हाक मारली होती. त्याच हाकांना कंटाळून तिने त्या बंद करून घेतल्या होत्या.

“पुन्हा चालू करा,” ती म्हणाली.

दिराने सगळं नव्याने बसवलं, पहारा लावला. दुसऱ्या दिवशी सर खुर्चीत बसले. ती शेजारच्या खोलीत यंत्राला हात न लावता कान देऊन बसली. बराच वेळ झाला. हाक आली नाही.

ती दारात आली तेव्हा पडद्यावर चौकट होती. सरांनी तिच्याकडे पाहिलं, अनोळखी माणसाकडे बघून हसावं तसे हसले, आणि ‘हो’ दाबलं.

तिने संगणकाचं भिंतीवरचं बटण बंद केलं. काळ्या पडद्यापुढे सर तसेच हसत बसून राहिले. तिने खुर्ची ओढली आणि त्यांच्याजवळ बसली. करण्यासारखं दुसरं काहीच उरलं नव्हतं.