कमेंट न पुसणाऱ्या मॅडम

"पुसा! आत्ताच्या आत्ता पुसा ती कमेंट!" सरपंच ओरडत होते. आवाज असा, की पलीकडच्या कंपनीत जेवणाचा भोंगा समजून अख्ख्या शिफ्टनं डबे उघडले. मॅडम मोबाइलवरून मान वर न करता म्हणाल्या, "पुसली तर नळाला पाणी येईल का, साहेब?"

चाकणजवळच्या आमच्या ग्रामपंचायतीचं फेसबुक पेज सांभाळायला या मॅडम चिंचवडहून यायच्या. नोकरी कंत्राटी. दरवर्षी सरपंचांची सही झाली तर पुढं, नाहीतर घरी. मी पाणीपट्टीचा कारकून, त्यांच्या टेबलाला टेबल लावून बसायचो, म्हणून सांगतो त्यातलं निम्मं तरी खरं आहे.

त्या यायच्या आधी पेजवर नुसते वाढदिवस. एका सदस्याचा तर वर्षात तीनदा झाला होता. मॅडमनी त्यांना एवढंच विचारलं, "यातून गावाला काय कळलं?" सदस्य अजून विचार करताहेत. मग पेजवर कोणत्या आळीला पाणी कधी, कचऱ्याची गाडी कधी, एवढंच यायला लागलं.

माहीत नसेल तर सरळ लिहायच्या, "माहीत नाही. विचारून सांगते." पंचायतीनं 'माहीत नाही' म्हटलंय हे डोळ्यांनी बघायला शेजारच्या गावाहून दोन म्हातारे रिक्षा करून आले होते. आणि मॅडम खरंच विचारून सांगायच्या! कुणी शिवी हासडली तरी शिवी बाजूला ठेवून प्रश्नाला उत्तर. म्हणायच्या, "शिवीच्या आत तक्रार असते. तेवढी सोलून घ्यायची."

तर ती कमेंट. खालच्या आळीतल्या एका बाईनं लिहिलं होतं, नळ कोरडा पडलाय, सरपंच झोपलेत काय? मॅडम पुसेनात, तेव्हा सरपंचांनी त्यांच्या हातातला पंचायतीचा मोबाइल ओढला आणि आपल्याच खात्यावरून लिहितोय अशा समजुतीत ठोकून दिलं, "तुझ्या बापाचं पाणी हाय का?" ते गेलं पंचायतीच्या नावानं. चहा येईपर्यंत त्याचे स्क्रीनशॉट रहाटणीवरून दुबईला जाऊन परत आमच्याच ग्रुपवर आले.

"आता तरी पुसा, बाई." सरपंचांचा आवाज पहिल्यांदाच माणसाएवढा झाला.

"आता पुसलं तर लपवलं म्हणतील. माफी मागू."

"पंचायत माफी मागत न्हाई! मागायची तर मागा, अन् उद्यापासून येऊ नका."

मॅडमनी पाणी सोडणाऱ्याला फोन लावला, नीट ऐकून घेतलं आणि लिहिलं, "ताई, वरचं उत्तर चुकीचं होतं. पंचायत माफी मागते. तुमच्या आळीचा व्हॉल्व्ह बिघडलाय, दुरुस्ती चालू आहे. संध्याकाळी पाणी सोडू."

संध्याकाळी मॅडमनी पेजचा मोबाइल टेबलावर ठेवला आणि डबा पिशवीत घातला. मी मात्र खवळलो होतो. "असं कसं जाताय, मॅडम? गाव गोळा करतो, तालुक्याला मोर्चा नेतो, हायवे बंद पाडतो!"

"तुम्ही खालच्या आळीतच राहता ना?"

"हो."

"पाणी आलं?"

"आलं की! घरून फोन आला आत्ताच. धो धो!"

"मग तेवढं कमेंटमध्ये लिहा."