पंधरा यार्ड आणि एक मराठी शब्द

न्यू जर्सीत राहून अमेरिकन फुटबॉल न बघणं शक्य आहे. मी कित्येक वर्षं ते करून दाखवलं. आमच्या घरात सीझनची दोन तिकिटं, एक नवऱ्याचं आणि एक मुलीचं. ती शाळेत होती तेव्हापासून दोघं रविवारी पार्सिपनीहून निघायची आणि संध्याकाळी घसा बसवून परत यायची. तेवढा वेळ घर माझं. कुणाचीच तक्रार नव्हती.

सीझन तिकिटाचा एक गुण असा की शेजार कायमचा असतो. वर्षानुवर्षं तीच सीट, तीच माणसं. आमच्या पुढच्या सीटवर एक कृष्णवर्णीय गृहस्थ बसतात, आमच्याहून दहाएक वर्षांनी मोठे, रिटायर्ड इलेक्ट्रिशियन. माझी मुलगी त्यांच्या डोळ्यांसमोर वाढली. तिच्या दातांच्या तारा निघाल्या तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. नवरा दर मॅचला आयसेलिनच्या देशी दुकानातून आणलेल्या भाकरवडीचा डबा पारदर्शक पिशवीतून न्यायचा (तिथे दुसरी पिशवी आत सोडत नाहीत) आणि पहिला हात या गृहस्थांचा. ते त्याला प्रेट्झेल द्यायचे. या बापलेकीचं ऐकून ऐकून ते ‘चल चल’ शिकले होते. आपल्या टीमचा माणूस चेंडू घेऊन पळायला लागला की उभे राहून ओरडायचे, “चल, चल, चल!” उच्चार आमच्या मराठी मंडळातल्या मुलांपेक्षा चांगला.

या सीझनमध्ये झालं ते असं. आमच्या टीमचा एक झेल घेणारा खेळाडू आहे, फार गुणी आणि तोंडाचा फार वाईट. एका मॅचमध्ये त्याने सुरुवातीलाच प्रतिस्पर्ध्याच्या तोंडासमोर बोटं नाचवली. पंचांनी पिवळा रुमाल टाकला. अखिलाडू वर्तन, टीम पंधरा यार्ड मागे. असा गुन्हा एकाच मॅचमध्ये दोनदा केला तर खेळाडूला बाहेर काढतात, हे त्याला आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक असणार. शेवटच्या मिनिटात त्याने अशक्य वाटणारा झेल घेतला, मॅच हातात आली, आणि हा पठ्ठ्या पडलेल्या माणसाच्या डोक्याशी उभा राहून त्याला झोपवल्याचा अभिनय करायला लागला. पुन्हा रुमाल. पंचांनी माईकवर त्याचा नंबर पुकारला, सगळ्या स्टेडियमने तो ऐकला, पडद्यावर प्रसंग परत परत दाखवला. तो मान खाली घालून बोगद्यातून आत गेला, टीम पंधरा यार्ड मागे गेली आणि मॅच हरली.

हे मी घरी इस्त्री करता करता टीव्हीवर पाहिलं. टीव्हीवर न दिसलेला भाग मुलीने नंतर सांगितला. तिच्या बापाने उभं राहून त्या खेळाडूला मराठीत शिव्या घातल्या, त्यात त्याच्या कातडीच्या रंगावरून एक हाक होती. नेहमीचीच. तो शब्द लिहायची गरज नाही, मराठी वाचकाला माहीत आहे.

तेही खपून गेलं असतं. इतकी वर्षं खपलंच होतं. पण पार्किंगकडे चालताना ते गृहस्थ मुलीला म्हणाले, “तुझे बाबा नेहमी तो एक शब्द ओरडतात ना, त्याचा अर्थ काय गं? मलाही शिकव. आता ‘चल चल’ जुनं झालं.”

“मग तू काय सांगितलंस?” मी विचारलं.

“आय सेड, आस्क माय डॅड.”

आम्ही तिघं स्वयंपाकघरात उभे होतो. नवरा बूट काढत होता, तो थांबला.

“अगं, काहीतरी सांगून टाकायचं. कळतंय कुणाला?”

“मला कळतं, बाबा. आय वॉज सिटिंग राइट देअर.”

“आपल्याकडे लाडाने पण म्हणतात. आमच्या नागपूरला माझ्या सख्ख्या मामेभावाला सगळं घर त्याच नावाने हाक मारायचं. त्याने कधी मनाला लावून घेतलं नाही.”

“विचारलं होतं का कधी त्याला?” मी म्हटलं.

“तू मध्ये पडू नकोस.”

मुलगी एका हायस्कूलमध्ये गणित शिकवते आणि तिथल्या मुलींच्या फुटबॉल टीमची कोचही आहे. तिच्या टीममध्ये कुणी समोरच्या मुलीला काही वाकडं बोललं, तर पुढची मॅच बाकावर बसायचं आणि त्या मुलीपाशी जाऊन स्वतः सांगायचं. कोच सांगणार नाही, आईबाप सांगणार नाहीत. बापाला तिने तोच नियम लावला.

“पुढच्या मॅचला ते विचारणार. तुम्ही त्यांना खरा अर्थ सांगा. तोपर्यंत मी तुमच्या शेजारी बसणार नाही.”

“एका शब्दासाठी?”

“हो.”

दुसऱ्या दिवशी तो खेळाडू माईकपुढे आला. चूक माझी, माझ्यामुळे मॅच गेली, ज्याला डिवचलं त्याला फोन केला, एवढं बोलून गेला. नवरा सोफ्यावरून म्हणाला, “पीआरवाल्यांनी लिहून दिलं असेल.” असेलही. पण तो उभा राहिला होता आणि हा सोफ्यावर होता.

मी त्याला उपदेश केला नाही. मी हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करते. तिथे कुणाला चुकीचं औषध गेलं तर आधी पेशंटला सांगायचं, मग आपला बचाव काय तो बघायचा, हे आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवतात. हे मी त्याला एकदा सांगितलं आणि विषय सोडला. तो मात्र रोज नवा अर्थ शोधत होता. एकदा ‘हिरो’, एकदा ‘वाघ’. चहा गाळताना मला विचारलं, “‘दोस्त’ कसं वाटतं?” मी म्हटलं, खोटं वाटतं.

घरच्या मैदानावरच्या पुढच्या मॅचला मुलगी खरोखरच आली नाही. तिकीट वाया घालवणं मला पटत नाही, म्हणून तिच्या सीटवर मी गेले. दोन स्वेटर, वर जाड कोट, हातमोज्यांत हात शेकायच्या गरम पुड्या. ते गृहस्थ वळले, मला पाहून आनंदले. “मुलगी कुठे?”

“आज नाही आली,” मी म्हटलं.

नवऱ्याने घाईने भाकरवडीचा डबा पुढे केला. त्यांनी तो मांडीवर ठेवला आणि विचारायचं तेच विचारलं. “तुझी मुलगी म्हणाली, तो शब्द तुलाच विचारायचा. काय अर्थ आहे?”

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी मैदानाकडे पाहिलं.

“म्हणजे... बडी. लाइक, माय फ्रेंड,” तो म्हणाला.

“बास एवढंच?” ते हसले. त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. ‘ळ’ जमेना. नवऱ्याने दुरुस्त केला नाही.

“अर्थ आत्ताच दुरुस्त कर,” मी मराठीत म्हटलं.

“मॅच संपल्यावर बघू.”

मॅच रटाळ होती. दुसऱ्या भागात तो तोंडाळ खेळाडू चेंडू घेऊन सुटला. कडेकडेने पळत, दोघांना हुकवून रेषेपार गेला. सगळं स्टेडियम त्याच्या बोटांकडे बघत होतं. त्याने चेंडू निमूटपणे पंचांच्या हातात दिला आणि आपल्या बाकाकडे धावला. लोकांनी त्याला पळण्यापेक्षा त्यासाठी जास्त टाळ्या दिल्या.

आणि आमच्या पुढचे गृहस्थ उभे राहिले, दोन्ही हात तोंडाशी नेऊन त्यांनी त्या खेळाडूला आमच्या भाषेतल्या त्या शब्दाने हाक मारली. मनापासून, अभिमानाने. पुन्हा एकदा. मग वळून नवऱ्याला म्हणाले, “बरोबर जमलं ना?” त्यांच्या बाजूच्या बाईंनी विचारलं, हे काय आहे, तर ते म्हणाले, “मित्र असा अर्थ आहे, याने शिकवलं.” त्या बाईही ओरडायला उभ्या राहिल्या.

नवऱ्याचा चेहरा मी सत्तावीस वर्षं बघते आहे. तसा पाहिला नव्हता.

त्याने त्यांच्या खांद्याला हात लावला. “सर, बसा जरा. प्लीज. तो शब्द म्हणू नका.”

ते बसले. त्या बाईही बसल्या.

“मी खोटं सांगितलं. त्याचा अर्थ मित्र नाही.” मग त्याने अर्थ सांगितला. मामेभाऊ आणला नाही, लाड आणला नाही. सोप्या इंग्रजीत, एका वाक्यात सांगितलं, आणि “मी तो शिवी म्हणूनच देत होतो” हेही सांगितलं.

खाली पुढचा डाव सुरू झाला होता.

“केव्हापासून?” त्यांनी विचारलं.

“पहिल्यापासून.”

“माझ्या मागे बसून.”

“हो. आय अ‍ॅम सॉरी.”

“तिला माहीत होतं?”

“म्हणूनच ती आली नाही. ती म्हणाली, तुम्हाला सांगितल्याशिवाय माझ्या शेजारी बसणार नाही.”

त्यांनी मान डोलावली. ती मान मुलीसाठी होती, आमच्यासाठी नव्हती. मग मांडीवरचा डबा उचलून, झाकण नीट दाबून नवऱ्याच्या हातात परत दिला आणि पुढे वळले. मॅच संपेपर्यंत मागे पाहिलं नाही. निघताना मला म्हणाले, “नीट जा, बर्फ पडणार आहे.” नवऱ्याला काही म्हणाले नाहीत.

गाडीत नवरा म्हणाला, “माफ केलं नाही त्यांनी.”

“करायलाच हवं असं कुठे आहे?” मी म्हटलं. “तू हायवेकडे बघ.”

घरी आल्यावर त्याने स्वतः मुलीला फोन लावला. आधी बडी म्हणाल्याचंही सांगितलं. ते त्याने वगळलं असतं तर मी सांगणार होते, त्याची वेळ आली नाही. मुलगी म्हणाली, “ओके बाबा. नेक्स्ट गेमला मी येते. डबा नका आणू.”

ती आली, अजून जाते. मला रविवार परत मिळाला. ते गृहस्थ तिच्याशी पूर्वीसारखं बोलतात, तिच्या टीमचे निकाल विचारतात. नवऱ्याला “हॅलो” म्हणतात, हवेबद्दल एखादं वाक्य. प्रेट्झेल मागे येत नाही. नवरा आता शिव्या इंग्रजीत देतो. त्या त्याला कमी पडतात, म्हणून बराच वेळ गप्पच असतो.

दोघं घरी आली की मी मुलीला एवढंच विचारते, “म्हणाले का आज, ‘चल चल’?”

“नाही.”

नवरा बूट काढत ते ऐकतो. पुढच्या मॅचला तरी म्हणतील, असं त्याला दर वेळी वाटतं. मला तसं वाटत नाही, पण ते मी त्याला सांगत नाही.