रामलिंगअप्पांना बसवायचं राहिलं

शिवगंगाबाईचं घर लातूरच्या ज्या गल्लीत आहे, तिथं पूर्वी पावसाळ्यात चपला हातात घेऊन चालावं लागे. घर तिचंच. नवरा रामलिंगअप्पा मार्केट यार्डात मापाडी होते. उभा जन्म दुसऱ्यांची तूर नि हरभरा मापण्यात गेला. उदगीरकडच्या भावांनी पुढंमागं वाटा मागू नये म्हणून त्यांनी प्लॉट बायकोच्या नावावर घेतला आणि दारावर संगमरवरी पाटी लावून तिचं नाव कोरलं. सडा टाकून झाला की ती ओल्या बोटांनी ती पाटी पुसायची. माहेरी तिचं नाव रेशन कार्डाशिवाय कुठं लिहिलं गेलं नव्हतं.

घर बांधताना आप्पांनी एकच हट्ट धरला. समोरची खोली ऐसपैस पाहिजे. लिंगायतांत माणूस गेला की त्याला आडवं ठेवत नाहीत. अंग ऊन आहे तोवर मांडी घालून भिंतीला टेकवून बसवतात, कपाळाला विभूती लावतात, पुढं टाळ-मृदंगाचं भजन होतं, आणि बसलेल्या माणसाला बसलेलाच मातीत ठेवतात. आप्पांचे वडील भाड्याच्या खोलीत गेले होते. घरमालकानं घरात बसवू दिलं नाही. रस्त्याच्या कडेला, गटारीच्या अंगाला, पोत्यावर बसवावं लागलं आणि बाजाराला निघालेली माणसं बघत बघत गेली. ते आप्पांना कधी पचलं नाही. गवंड्याला त्यांनी पूर्वेची भिंत दाखवली. म्हणाले, "हितं कपाट काढू नको. हितं मी बसणार हाय." गवंडी हसला. शिवगंगाबाई हसली नाही. तिनं ते मनात ठेवलं.

मग शिकवण्या आल्या. गल्लीच्या तोंडाशी एक क्लास निघाला, त्याच्यापुढं दुसरा, आणि बघता बघता कंधार, चाकूर, देगलूर, कुठकुठली लेकरं डॉक्टर व्हायला लातुरात उतरली. ज्याच्या त्याच्या घरावर मजला चढला. शिवगंगाबाईनं आधी माडी शिकवणीच्या मुलींना भाड्यानं दिली, मग मागची खोली. मुलगा मृत्युंजय म्हणाला, समोरची खोली एवढी मोठी काय करायची, मधी प्लायवुड मारू. प्लायवुड मारलं. मृत्युंजय बायकोसंगं गच्चीवरच्या पत्र्यात गेला, आणि म्हातारा-म्हातारी जिन्याखाली, जिथं पूर्वी सायकल उभी राहायची. आप्पांना लकवा झाला तो तिथंच. त्यांच्या डोक्यावरून दिवसभर मुली चढायच्या, उतरायच्या.

शिवगंगाबाईला याचं दुःख होतं असं कुणी समजू नये. तिला मान मिळाला होता. लोकांच्या लेकी तिला काकू म्हणत, त्यांचे बाप हात जोडून उभे राहत. गल्लीत परीक्षेच्या महिन्याचे नियम घातले तेही तिनंच. बँड नाही, भोंगा नाही, भजन नाही. महादेवाच्या देवळातल्या घंटेच्या लोलकाला फडकं बांधायचं. मागच्या साली समोरच्या उज्वलाचा सासरा नेमका परीक्षेच्या आदल्या दिवशी गेला. उज्वलाच्या घरी मुलांची मेस. तिनं हंबरडा फोडायला तोंड उघडलं, तशी शिवगंगाबाई रस्ता ओलांडून गेली आणि तिच्या तोंडावर तळहात दाबून धरला. "लेकरं बसलेत अभ्यासाला. उद्या रड," म्हणाली. गल्लीनं तिचं कौतुक केलं.

यंदा परीक्षेच्या रविवारी, तांबडं फुटताना, ती आप्पांना चमच्यानं पाणी पाजत होती. पाणी ओठाच्या कडेनं परत आलं. तिनं पुसलं, पुन्हा पाजलं. पुन्हा परत आलं. वर मुली येरझाऱ्या घालत घोकत होत्या. तिच्या पोटातून रडणं वर आलं, दाताशी आलं, आणि तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला.

मृत्युंजय खाली आला. बापाच्या नाकाशी बोट धरून उभा राहिला. मग म्हणाला, लोक बोलावले की गलका होणार, पोरी घाबरणार, एखादीचा पेपर गेला तर तिचा बाप आपल्या दारात येऊन बसणार. अकरापर्यंत सगळ्या निघून जातेत. तेवढं थांबू.

"कडक होतील की रे ते," शिवगंगाबाई म्हणाली.

"कूलर लावतो."

"मेच्या महिन्यात कूलरनं काय होतंय."

"मग तू सांग आई. घर तुझं हाय."

त्यानं खरंच तिच्यावर टाकलं. एक हाक मारली असती तरी गल्ली धावून आली असती. दोघांनी उचलून आप्पांना आत नेलं असतं, प्लायवुडपलीकडं, पूर्वेच्या भिंतीशी. अंग अजून ऊन होतं, गुडघा हातानं दुमडत होता. तिनं दुमडून बघितला. मग सरळ केला, त्यावर चादर ओढली आणि पोह्याला फोडणी टाकायला गेली.

एकेक मुलगी खाली आली. शिवगंगाबाईनं प्रत्येकीच्या हातावर दही-साखर ठेवली. कंधारची बुद्धप्रिया सगळ्यात धाकटी. आई-बाप शेतमजूर, पोरगी अभ्यासाला वाघीण. संध्याकाळी ती आप्पांजवळ बसून त्यांचा लुळा हात चोळायची. ती म्हणाली, आजोबांच्या पाया पडून येते. शिवगंगाबाई म्हणाली, झोपलेत. पोरगी म्हणाली, उठवत नाही. आणि वाकून जिन्याखाली शिरली. तिच्यामागं बाकीच्याही वाकल्या. एकेकीनं चादरीत हात घालून मेलेल्या माणसाच्या पायांना हात लावला आणि कपाळाला नेला.

"आजोबांचे पाय गार पडलेत, काकू."

"कूलर लावलाय बाई. निघा आता, उशीर होतोय."

मुली गेल्या. गल्लीतली सगळी पोरं गेली, त्यांच्याबरोबर आलेले आई-बाप गेले, जीपगाड्या गेल्या. उन्हात एक कुत्रं नुसतं उरलं. तेव्हा मृत्युंजयनं फोन लावले. शेजारचे भुजंगराव आले, विधी करणारे जंगम वीरभद्र अय्या आले. अय्यांनी आप्पांच्या गुडघ्याला हात लावला.

"कवा गेले?"

"आत्ताच," मृत्युंजय म्हणाला.

अय्यांनी त्याच्याकडं बघितलं. "आत्ता गेलेला माणूस असा नसतो," म्हणाले, आणि गरम पाणी मागितलं.

आप्पांना उचललं तर ते फळीसारखे उचलले गेले. जिन्याखालून निघताना डोकं वरच्या पायरीला लागलं. समोरच्या खोलीत मुलींच्या खाटा बाजूला सारून जागा केली. गरम पाण्याची फडकी झाली, खोबरेल तेल चोळून झालं. मग भुजंगरावांनी मांडीवर भार दिला आणि मृत्युंजयनं घोटा धरून ओढला. दाराबाहेर बायका बसल्या होत्या. आतून वाळलेली तुराटी मोडावी तसा आवाज आला.

शिवगंगाबाईचा हात आपोआप स्वतःच्याच तोंडावर गेला. शेजारी उज्वला होती. तिनं तो हात हळूच धरला, खाली घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "रडा की काकू. आता मोकळीक हाय. गल्लीत एक लेकरू न्हाई."

शिवगंगाबाईनं तिच्याकडं बघितलं. "पाय मोडला का गं त्यांचा?"

आत पुन्हा तसाच आवाज झाला.

एक पाय शेवटपर्यंत दुमडला नाही. आप्पा पूर्वेच्या भिंतीला बसले ते पाठीमागं दोर बांधून आणि एक पाय पुढं पसरून, पानटपरीसमोर कुणी बसावं तसे. मान एका अंगाला गेली होती. ती फेट्यानं खिळ्याला बांधली. पायावर शाल टाकली. भजन झालं, पण एकच. अय्या टाळ वाजवत होते आणि मृत्युंजय घड्याळ बघत होता. मातीत ठेवायला नेलं तेव्हा खड्डा पायाच्या बाजूनं पुन्हा खणावा लागला, हे शिवगंगाबाईला नंतर कळलं. सांगणाऱ्यानं तेही हसून सांगितलं.

परत आल्या आल्या मृत्युंजय म्हणाला, मुलींना काही बोलायचं नाही. सकाळी त्या गावाकडं जाणार, एका रातीचा प्रश्न. "आपल्यात सुतक न्हाई, आई. पर मेलेलं माणूस बसवलेल्या खोलीत लोकं लेकी ठेवतील का? पुढल्या साली कोण येईल?" ती उठली. भिंतीवर विभूतीचा आणि तेलाचा मोठा डाग पडला होता, पाठीएवढा. तिनं तो सोड्याच्या पाण्यानं घासला, धुतला, पुन्हा घासला. खाटा होत्या तिथं लावल्या. उशा झटकल्या.

दिवस कलताना मुली आल्या. कुणी रडत होती, कुणी फोनवर. बुद्धप्रिया बूड टेकायच्या आधीच म्हणाली की पेपर बरा गेला, आणि आजोबा कुठंयत.

"दवाखान्यात नेलंय," शिवगंगाबाई म्हणाली.

"तरी मला वाटलंच. पाय लई गार होते." पोरीनं दप्तर टाकलं, खाटेवर चढून मांडी घातली आणि भिंतीला पाठ टेकली. "भिंत ओली लागती, काकू."

"पुसलीय."

"राहू द्या. बरं वाटायलंय."

तिनं डोकं मागं टेकलं आणि डोळे मिटले. दिवसभराच्या उन्हानं पोरगी शिणली होती. तशीच बसल्या बसल्या पेंगली. शिवगंगाबाई उंबऱ्यात उभी राहून बघत राहिली. मग आवाज चढू न देता तिनं विचारलं, पोळी खाणार का भाकर.