पुटपुटबाईंनी न दिलेलं वाक्य

दिवसभर छापखान्यात मुद्रितं तपासायची आणि संध्याकाळी नाटकमंडळाच्या तालमीला जाऊन विंगेत बसायचं, हा बाईंचा बावीस वर्षांचा क्रम. नट अडला की पुढचं वाक्य हळूच पुरवायचं, एवढंच त्यांचं काम. मंडळात त्यांना सगळे पुटपुटबाई म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. बाईंना त्याचं काही नव्हतं. "माझ्या पुटपुटण्यावर भल्याभल्यांच्या डरकाळ्या चालतात," असं त्याच सांगायच्या.

त्या वर्षीच्या नाटकात प्रेमापायी जीव देणारा एक तरुण होता. ते काम एका वायरमनला मिळालं. पोरगा देखणा, आवाज खणखणीत, पण तिन्ही अंक एकाच पट्टीत. पहिल्या अंकातलं "तू जिना चढायला लागलीस, की मी वर उभ्या उभ्या तुझी पावलं मोजतो आणि दरवेळी आकडा चुकतो" हे तो जितक्या जोरात म्हणे, तितक्याच जोरात शेवटच्या भेटीतलं "बरं. दार लावून घे." हेही. शिवाय पदरचं घालायचा, "दार लावून घे, निष्ठुर मुली, कायमचं लावून घे!"

दिग्दर्शकाने कपाळावर हात मारला. चहाच्या सुट्टीत बाई वायरमनच्या शेजारी जाऊन बसल्या.

"ते जास्तीचं कशाला रे म्हणतोस?"

"बाई, माणूस मरायला निघालाय. चार शब्द तरी बोलेल की नाही?"

"नाही बोलत," बाई म्हणाल्या. मग जे त्यांनी मंडळात कधी कुणाला सांगितलं नव्हतं, ते सांगितलं. "माझा धाकटा भाऊ होता. एका मुलीवर जीव जडला होता त्याचा. तेव्हा घरात त्याची टकळी थांबायची नाही. ती अशी हसते, ती तशी चालते. आम्ही कानात बोटं घालायचो. मग तिचं दुसरीकडे जुळायला लागलं, तेव्हा नुसते प्रश्न. ती दिसली का? कोणाबरोबर होती? मला विचारलं का तिने? तुझा दुसरा अंक बघ, सगळी प्रश्नचिन्हंच आहेत."

"आणि मग?"

"मग शांत झाला. जेवतोस का, हो. बरं वाटतंय का, हो. आई म्हणाली, सुटलो बाई, पोरगं ताळ्यावर आलं. मलाही तसंच वाटलं. आठ दिवसांनी गेला तो. आपल्या हातानं."

वायरमनने कप खाली ठेवला. "तुम्हाला कळायला हवं होतं, असं वाटतं का?" त्याने विचारलं.

"रोज वाटतं. पण तेव्हा मीही एकोणीस वर्षांचीच होते रे."

त्या दिवसापासून त्याने पदरचा एक शब्द घातला नाही. पहिल्या प्रयोगात तर पहिल्या अंकाला तो असा बागडला, की लोक हसून हसून लोळले. दुसऱ्या अंकात त्याचे प्रश्न ऐकून सभागृह अस्वस्थ झालं. शेवटच्या भेटीत मुलगी म्हणाली, "मी निघते." वायरमन खाली मान घालून उभा राहिला. काही बोलेचना. समोरच्या विंगेतून दिग्दर्शक हातवारे करत होता, वाक्य द्या, वाक्य द्या! बाईंच्या बोटाखाली ओळ होती. त्यांनी ओठ घट्ट मिटले. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

शेवटी तो अगदी साध्या आवाजात म्हणाला, "बरं. दार लावून घे."

टाळी पडली नाही. कुणी खोकलंसुद्धा नाही.

पडदा पडल्यावर वायरमन रंग न पुसता धावत आला. "बाई, मी खरंच विसरलो होतो! दिलं का नाहीत?"

बाई बघतच राहिल्या. "अरे देवा! मला वाटलं, तू मुद्दाम थांबलास."

"घाम फुटला होता मला!"

बाईंना हसू आलं, आणि हसता हसताच डोळे भरून आले. मेकअपच्या खोलीतल्या स्टुलावर बसून त्या बराच वेळ रडल्या. वायरमन पाण्याचा पेला धरून शेजारी उभा राहिला.

नाटकाचे पुढे चाळीस प्रयोग झाले. एकदा वायरमनच्या आईने बाईंना घरी जेवायला बोलावलं. तिथे बाईंनी धाकट्याच्या गोष्टी सांगितल्या. तो शिट्टी कशी वाजवायचा, सायकल कशी पळवायचा. त्याच्या जाण्याबद्दल त्या दिवशी कुणी काही विचारलं नाही, आणि बाईंनीही तो विषय काढला नाही.